दहावं नाव

"बसा मामा," विभागप्रमुख बाई म्हणाल्या आणि तो बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की एकतीस वर्षांत ह्या खुर्चीत आपण पहिल्यांदाच बसतो आहोत. पुसली होती ती त्याने रोज. तिच्या डाव्या हाताचा स्क्रू ढिला होतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी आवळावा लागतो, हे साऱ्या विभागात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. पण बसल्यावर ती इतकी खाली जाते, टेबलाची कड छातीशी येते आणि पलीकडचं माणूस उगाचच उंच दिसायला लागतं, हे काही पुसताना कळलं नव्हतं. एवढी वर्षं ह्या खुर्चीत बसणारी पोरं, त्यांचे आईबाप, काचसामानाचे विक्रेते, सगळेच कसनुसे का हसतात ते त्याला आत्ता समजलं. आणि आपणही तसेच हसतो आहोत, हेही. हात कुठे ठेवावेत ते कळेना. उभं असताना हातांचं काही वाटत नाही, त्यांत नेहमी काहीतरी असतं, बरणी, फडकं, किल्ल्यांचा जुडगा. त्याने हात मांडीवर ठेवले. नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनने बोटांची टोकं पांढुरकी झाली होती, ती दिसू नयेत म्हणून मुठी मिटल्या. मग वाटलं, मुठी मिटून बसलेला माणूस भांडायला आल्यासारखा दिसतो. पुन्हा उघडल्या.

"नऊ जणांनी प्रवेश पक्का केलाय," बाई म्हणाल्या. "दहा लागतात. नवा नियम आहे, वरून आलाय. दहा झाले नाहीत तर ह्या वर्षी सागरी जीवशास्त्राचा वर्ग उघडायचा नाही. आणि एक वर्ष वर्ग बंद राहिला की आपण गेलो प्राणिशास्त्रात. आपली खोली म्हणजे त्यांचं कोठार." त्या थांबल्या. समोरचा कागद त्यांनी उगाच सरळ केला. "तुमच्या मुलीचं नाव यादीत तिसरं आहे, मामा. तिने अजून कळवलेलं नाही." तो म्हणाला, "हो." "दुसरीकडेही लागलंय म्हणे." "लागलंय. त्या नव्या खासगी विद्यापीठात. फीसुद्धा सगळी माफ केलीय तिची." बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम वीस वर्षांनी लहान दिसल्या, इथे शिकत होत्या तेव्हासारख्या. "मी तुम्हाला काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी पाचला मुदत संपते, एवढंच सांगते." तो उठला. उठताना खुर्चीने आवाज केला आणि सवयीने तो मागे वळून तिचा डावा हात चाचपणार होता, पण स्वतःला आवरलं.

तो ह्या सरकारी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत परिचर होता. परिचर म्हणजे बरण्या धुणारा, जाळी वाळवणारा, काचपट्ट्या मोजून देणारा आणि मोजून घेणारा. सगळे त्याला मामा म्हणत. सख्खी बहीण एकही नाही आणि भाचे मात्र तीस वर्षांत सहाशेच्या वर, असं तो स्वतःच म्हणून हसायचा. नमुन्यांच्या खोलीत येऊन त्याने दार लोटून घेतलं. भिंतीभर फडताळं, फडताळांत बरण्या, बरण्यांत पिवळट पडलेल्या पाण्यात खेकडे, कोळंब्या, तारामासे, समुद्राच्या तळाचे नुसते मांसाचे धागे वाटावेत असे किडे. प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या त्याच्या अक्षरातल्या. हा विभाग ज्यांनी उभा केला ते थोरले सर त्याला म्हणायचे, तुला लॅटिन भाषा येत नाही हे बरंच आहे, तू अक्षर चित्रासारखं काढतोस, चूक करत नाहीस. चित्रं काढता काढता त्याला ती लांबलचक नावं पाठ झाली होती. नांग्या बघून, पाठीच्या कडेचे काटे मोजून तो खेकड्याची जात सांगायचा, आणि शिकलेली पोरं पुस्तकात बघून ‘बरोबर आहे मामा’ म्हणायची, जणू परीक्षा त्याचीच आहे. त्या खोलीत त्याला कधी एकटं वाटलं नव्हतं. आज मात्र तो काय काय मोडलंय ते मोजत राहिला. सहांपैकी तीन मायक्रोस्कोपांच्या काचेवर बुरशी चढली होती. मोठ्या टाकीचा पंप गेल्या वर्षापासून बंद. दोन प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. बेडूकसुद्धा उड्या मारून गेले ह्या विभागातून, असं कारकून म्हणायचा आणि तो त्याच्यावर रागवायचा. विभाग बंद झाला तर प्राणिशास्त्रवाले दाखवण्यासारख्या चाळीसेक बरण्या नेतील. बाकीच्यांचं काय करतात ते त्याने दुसऱ्या एका विभागात पाहिलं होतं. मोरीत ओततात.

आणि खरं म्हणजे त्याला काहीच करायचं नव्हतं. मुलीला समजवायचं नाही, गळ घालायची नाही. ती आपणहूनच इथे येणार होती. ‘मी कळवणारच आहे बाबा, नुसतं ते दुसरं एकदा बघून घेऊ, म्हणजे नंतर चुटपुट नको,’ असं ती रविवारीच म्हणाली होती. त्याने फक्त गप्प राहायचं होतं. पण गप्प राहणं म्हणजे काय, हे त्या घरात दोन माणसांना माहीत होतं, त्याला आणि त्याच्या बायकोला.

मुलीला तो ठकू म्हणायचा. ती सहा वर्षांची असताना विभागाची बोट बंद पडली. बारा माणसांची लाकडी बोट, दर बुधवारी ओहोटीचा हिशेब बघून निघायची, आणि तिच्यावर तो एकोणीस वर्षं गेला होता. जाळी टाकायला, पाण्याच्या बाटल्या भरायला, उलट्या करणाऱ्या पोरांच्या पाठीवर हात फिरवायला. इंजिन गेलं तेव्हा बोट बंदरापलीकडच्या दुरुस्तीच्या आवारात नेऊन लाकडी ठोकळ्यांवर चढवली, आणि तिच्या दुरुस्तीची फाइल ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. त्या बुधवारी तो घरी आला तर ठकू नेहमीसारखी दारात. "बाबा, आज काय दिसलं?" बोट बंद पडली असं सहा वर्षांच्या पोरीला सांगणं काही अवघड नव्हतं. पण तिचा चेहरा इतका तयार होता, ऐकण्यासाठी इतका उघडा, की त्याच्या तोंडून जुनीच एक गोष्ट आजची म्हणून निघून गेली. जाळ्यात अडकलेल्या कासवाची. पुढच्या बुधवारी आणखी एक. वाटलं, महिन्याभरात बोट दुरुस्त होईल, तोवर चालवून नेऊ. एकोणीस वर्षांचा साठा दोन वर्षांत संपला. मग तो रचायला लागला, आणि त्याला ते जमायला लागलं, हे सगळ्यात वाईट. बुधवारी संध्याकाळी घराच्या वाटेवर चालताना त्याचं मन खरोखरच समुद्रावरून आल्यासारखं भरलेलं असायचं. ती दहा वर्षांची झाली तेव्हा तिने एक वही केली. तारीख, वार, काय दिसलं. आधीच्या आठवतील त्या गोष्टीही तिने पहिल्या पानांवर उतरवल्या. तेराव्या वर्षी गोष्टी नको झाल्या, आकडे हवे झाले. पाण्याचं तापमान किती, खारेपण किती, जाळं किती खोल. तेव्हा तो थोरल्या सरांच्या जुन्या नोंदवह्या उघडायचा, त्याच महिन्याचं, त्याच आठवड्याचं पान काढायचा आणि तिथला आकडा एका कागदावर लिहून खिशात घालून न्यायचा. आठ वर्षांच्या नोंदी झाल्या होत्या तिच्याकडे. ‘तिकडे काचेची इमारत आहे,’ ती मैत्रिणींना सांगायची, ‘पण आमच्याकडे बोट आहे. बाबांची वही आता मी पुढे चालवणार.’

सोमवारी संध्याकाळी ठकू शिकवणीला गेली होती. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यातून नुकतीच आली होती आणि ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. दिवसभर वाफेत राहून तिचा चेहरा नेहमी असा तुकतुकीत आणि दमलेला दिसायचा. त्याने बाईंचं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "मग? आता तरी सांगणार का तिला?" तो म्हणाला, "विभाग बंद पडेल." "ते मी ऐकलं. मी दुसरं विचारतेय." तिने पेला उपडा घातला. "बोट बंद झाली त्या आठवड्यापासून तुमच्या कपड्यांना मिठाचा वास यायचा थांबला. मला काय कळलं नाही? मी रोज परक्या माणसांच्या चादरी हुंगत असते. पोरगी रमते म्हणून बसले गप्प. नाव ठकू ठेवलंत आणि ठकवलंतही." असं बोलताना तिने आवाज मुळीच चढवला नाही. खिडकीतून समोरच्या गच्चीवर कुणी तरी वाळत घातलेली निळी चादर वाऱ्याने फुगत होती. त्याला वाटलं, हिने आपल्याला एवढी वर्षं काय समजून वागवलं असेल? लबाड? की दुबळा? "तुम्ही सांगताय की मी सांगू?" ती म्हणाली. "मी सांगतो," तो म्हणाला. पण त्या दिवशी सांगितलं नाही, मंगळवारीही नाही.

बुधवारी त्या खासगी विद्यापीठात पालकांना आणि मुलांना सगळं दाखवणार होते. त्याने रजा टाकली. "पण बुधवार आहे बाबा," ठकू बुटाचे बंद बांधता बांधता म्हणाली, "बोट?" "ह्या बुधवारी नाही जात," तो म्हणाला आणि आपण किती सहज खोटं बोललो ह्याने त्याच्याच अंगावर काटा आला. तिथे दारातच दोघांच्या गळ्यात ‘पाहुणा’ लिहिलेली कार्डं घातली. ती टेकवली की काचेची दारं आपोआप उघडायची. जमीन इतकी स्वच्छ, की स्वतःच्या चपलांचा आवाज त्याला नकोसा झाला. तो दोष शोधत होता. अगदी सुरुवातीपासून, कुणी ते काम नेमून दिल्यासारखा. एका तारामाशाच्या खालची चिठ्ठी चुकली होती, त्याला बरं वाटलं. टाक्या पुसणारी निळ्या गणवेशातली पोरगी म्हणाली की ती कंत्राटदाराकडची आहे, आत हात घालायला परवानगी नाही, फक्त बाहेरून काच पुसायची. त्याने विचारलं, मग पाण्याचं खारेपण कोण बघतं? "मशीन बघतं, काका." त्याला पुन्हा बरं वाटलं. तरुण प्राध्यापक ठकूशी मोकळेपणाने बोलला, आणि तिने विचारल्यावर प्रामाणिकपणे म्हणाला की त्यांच्या नेमणुका वर्षावर्षाच्या असतात, पुढच्या वर्षी तो इथे असेलच असं नाही. जुना संग्रह नाही. नोंदवह्या नाहीत. समुद्रावर जायचं तर कोळ्याची होडी भाड्याने घेतात, तीही वर्षातून चार-पाचदा. प्रत्येक दोष त्याच्या आत एक बारीकसा, घाणेरडा आनंद ठेवून जात होता, आणि तो आनंद तो मुकाट्याने गोळा करत होता.

मग प्रयोगशाळा. तीस टेबलं, तीस मायक्रोस्कोप. प्राध्यापकाने पहाटे आणलेल्या समुद्राच्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवला आणि ठकूला म्हणाला, बघ. ती वाकली. आधी तिने एक डोळा मिटला, मग प्राध्यापकाने सांगितल्यावर दोन्ही उघडे ठेवले. तिचा उजवा हात न बघताच बाजूचं चाक हळूहळू फिरवत होता. एवढंच. पण तो मागे उभा होता आणि त्याला तिची पाठ दिसत होती. त्या पाठीत आधी एक ताण आला, मग तो सुटला, खांदे खाली आले आणि ती श्वास घ्यायची थांबली. सहाशे पोरांच्या पाठी त्याने अशा बघितल्या होत्या. बहुतेक वाकतात, बघतात, ‘हो दिसलं’ म्हणून सरळ होतात. दहा-बारा पाठी तेवढ्या वेगळ्या होत्या. बाईंची त्यांतली एक. त्या पाठीचं माणूस तिथे नसतं. ते खाली गेलेलं असतं, त्या थेंबात. ठकू किती वेळ वाकून होती कोण जाणे. बाकीचे पालक पुढच्या दालनात गेले. ती सरळ झाली तेव्हा तिच्या डोळ्यांभोवती नळ्यांचे गोल वळ उमटले होते. "बाबा," ती हलकेच म्हणाली, "ते जिवंत आहेत." आजवर त्याने तिला एवढं सांगितलं, कासवं, थवे, वादळं, आणि इतक्या वर्षांत आपण हिला जिवंत असं काहीच दाखवलं नाही, फक्त बरण्या दाखवल्या, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. गोळा केलेला तो सगळा आनंद एकदम जड झाला.

परतताना बसमध्ये ती बोलत होती आणि तो नुसते हुंकार देत होता. "छान आहे, पण तुमच्यासारखं नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे दर आठवड्याला जाता येतं. एकाच जागी, वर्षानुवर्षं. त्या सरांनासुद्धा मी सांगितलं. ते म्हणाले, अशा सलग नोंदी म्हणजे सोनं." त्याने खिडकीची काच सरकवली आणि तोंड बाहेरच्या वाऱ्याकडे केलं. 

घरी आल्यावर, उजेड अजून होता, ती वही घेऊन टेबलाशी बसली. बायको कणीक मळत होती. त्याने खुर्ची ओढली आणि तो तिच्या समोर बसला. "ठकू, बोट नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. आज नव्हती."

"आज नाही असं नव्हे. नाहीच आहे. बारा वर्षं झाली, ठोकळ्यांवर आहे."

ती हसली, आधी. मग तिने आईकडे पाहिलं. आईचे हात परातीत थांबले होते. ठकूने सावकाश वही मागे मागे उलटली. "हे?" तिने बोट ठेवलं. "गेल्या मार्चमधलं. तापमान सत्तावीस."

"ते थोरल्या सरांच्या वहीतलं. तू जन्मायच्या आधीच्या मार्चमधलं."

"आणि हे? जेलीफिशचा थवा. इंजिन बंद करून बसावं लागलं होतं."

"ते खरं आहे. पण तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं."

"कासव?"

"कासव खरं. जुनं."

ती पानं उलटत राहिली. एकेक विचारत राहिली, आवाज न बदलता, हजेरी घेतल्यासारखी. आणि तो सांगत राहिला, खरं, खरं पण जुनं, सरांचं, ऐकीव. मग ती एका पानावर थांबली. "देवमाशाचं पिल्लू?"

त्याने वहीवरून नजर काढली.

"बाबा. वाट चुकलेलं. दोन तास बोटीच्या मागे येत होतं. मग दिसेनासं झालं."

"ते मी रचलं."

"मी रडले होते त्याच्यासाठी," ठकू म्हणाली. "शाळेत गेले नव्हते दुसऱ्या दिवशी. तुम्ही माझ्याजवळ बसला होतात."

"हो."

"तुम्ही मला रडू दिलंत."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तो म्हणाला, "आकडे सगळे खरे आहेत गं. फक्त वर्षं खोटी आहेत." आणि ती त्याच्याकडे बघत, रागाने नव्हे, जणू त्याने एखादा साधा हिशेब चुकवला असावा अशी, म्हणाली, "वर्ष खोटं असेल तर आकडाही खोटाच असतो, बाबा." वही तिने मिटली नाही. तशीच उघडी टाकून ती आतल्या खोलीत गेली. बायकोने कणीक पुन्हा मळायला घेतली. गोळा झाकून ठेवताना ती म्हणाली, "सांगितलंत. झालं." पण ते समाधानाने म्हटलं की दमून, ते त्याला ओळखता आलं नाही.

गुरुवारी ठकू त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. कामावर तो सबंध दिवस बरण्यांमधलं उडून गेलेलं द्रावण भरत राहिला. चार फडताळं झाली. बाई दोनदा दारावरून गेल्या, आत डोकावल्या नाहीत. त्याच्या मनात एक विचार असा आला, की आता ती रागाने तिकडे जाईल आणि मग तो निर्णय माझ्या खोट्यावरच उभा राहील, पुन्हा. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार, जो त्याने स्वतःलाही नीट ऐकू दिला नाही: अजून एक दिवस आहे. तिला म्हणावं, बोट नसली तरी बाकीचे नऊ आहेत, त्यांच्याकडे बघ. हे तर खोटं नव्हतं. ओठांपर्यंत आलेलं वाक्य तो दिवसभर तोंडात घोळवत राहिला आणि घरी गेल्यावर गिळून टाकलं. नऊ पोरांचं ओझं अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर द्यायचं, आणि तेही आपण, हे त्याला जमेना.

शुक्रवारी सकाळी तो निघायच्या बेतात होता तेव्हा ती बाहेर आली. केस विंचरलेले नव्हते. "मी तिकडे जाते," ती म्हणाली.

"माझ्यावरच्या रागाने जाऊ नकोस."

"रागानेच जायचं असतं तर इकडे आले असते. रोज तुमच्या समोर बसले असते तीन वर्षं." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण हसू नव्हतं ते. "मला एकटीला एक मायक्रोस्कोप मिळेल. एवढंच कारण आहे. हवं तर लिहून ठेवा, तारखेसकट." मग दार धरून उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "थोरल्या सरांच्या मूळ वह्यांवर खऱ्या तारखा आहेत ना?" "आहेत," तो म्हणाला. ती मान हलवून आत गेली.

बाईंच्या खोलीत तो ह्या वेळी उभाच राहिला. त्याने सांगितलं. बाईंनी समोरच्या कागदावरच्या नऊ नावांखालची मोकळी जागा बोटाने चाचपली. "बोलला होतात तिच्याशी?" "बोललो." "काय सांगितलंत?" "बोटीचं खरं." बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. सायकलींचा तळ आणि एक भिंत. "आपल्या माहितीपत्रकावर अजून बोटीचाच फोटो आहे," त्या म्हणाल्या. "मीच राहू दिला. म्हटलं, दहा जण येऊ देत, मग दुरुस्तीसाठी भांडता येईल." त्यांनी चष्मा लावला. "तुमची चूक नाही, मामा." त्या असं म्हणाल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पाच वाजेपर्यंत दहावं नाव आलं नाही.

त्यानंतरचं सगळं कागदावर झालं, म्हणून पटपट झालं. वर्ग रद्द. बाई प्राणिशास्त्रात. त्याची बदली परीक्षा विभागात, महिनाअखेरपासून. ठकूचं कॉलेज सुरू झालं. ती त्याच्याशी बोलायला लागली होती, जेवायला बसा, किल्ली कुठेय, एवढं. थोरल्या सरांच्या वह्या त्याने बाईंच्या परवानगीने ग्रंथालयात नेऊन दिल्या, पोचपावती घेतली आणि ती ठकूच्या टेबलावर ठेवली. तिने ती उचलली.

तो बरण्यांच्या याद्या करत होता त्या दिवशी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. ठकूच्याच वयाची. खांद्याला मोठी पिशवी, हातात कागदपत्रांची पारदर्शक फाइल. प्रवासाने कपडे चुरगळलेले. "सागरी जीवशास्त्राचा पहिला वर्ग इथेच ना?" तिने विचारलं. त्या नऊ नावांतली ती एक; वर्ग रद्द झाल्याचं पत्र तिला पोचलं नव्हतं. आठ तास बसमधून आली होती, वसतिगृहात राहायच्या तयारीने. त्याने तिला बसायला दिलं, पाणी दिलं आणि सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मध्येच एकदा फडताळांकडे बघितलं. रडली नाही. "मग मी आता कुठे जाऊ?" तिने विचारलं, खरोखरच पत्ता विचारावा तसं. "दुसरीकडे कुठे अर्ज केला नव्हतास?" "नाही. हाच विषय हवा होता. आणि सरकारी असेल तरच घरून सोडणार होते." त्याने खोलीला कुलूप घातलं आणि तिला घेऊन मुख्य इमारतीत गेला. मूळ प्रमाणपत्रं परत घ्यायची, म्हणजे निदान दुसऱ्या कुठल्या विषयाला जागा शिल्लक असेल तर धडपड करता येईल. खिडकीशी वीस-बावीस जणांची रांग होती. तुम्ही कशाला थांबता, मी घेईन, असं ती म्हणाली. तो थांबला.

रांग हलत नव्हती. बऱ्याच वेळाने तिने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत का, मामा?" मामा हा शब्द तिने कुणाचा तरी ऐकून लगेच उचलला होता. "मुलगी आहे." "काय करते?" तो म्हणाला, "हेच शिकते. समुद्राचं." "कुठे?" त्याने त्या खासगी विद्यापीठाचं नाव सांगितलं. मुलगी म्हणाली, "नशीबवान आहे." इथे थांबता आलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं, ती संध्याकाळच्या बसने परत गेली असती आणि जन्मात पुन्हा भेटली नसती. "इथेही तिचं नाव लागलं होतं," तो म्हणाला. "यादीत तिसरं. ती आली असती तर दहा झाले असते. वर्ग उघडला असता. मला माहीत होतं ते, आणि मी तिला थांबवलं नाही."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू कळत गेलं. त्याने नजर हलवली नाही. मागचा कुणीतरी पंख्याबद्दल कुरकुरत होता. खिडकीतला कारकून शिक्के मारत होता.

"मग तुम्ही इथे माझ्यासोबत कशाला उभे आहात?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

तिने तोंड फिरवलं. फाइल छातीशी धरून ती पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिली. जा असं ती म्हणाली नाही, थांबा असंही नाही. रांग एका माणसाने पुढे सरकली, तशी ती सरकली. आणि तिच्यामागे तो.